हाफ टर्मचा शुक्रवार

पहाटे ४:५०

फोन वाजतो. इंग्लंडात अजून मिट्ट काळोख. नाशकात नऊ वीस झालेत.

"ताई, झोपमोड झाली का?"

"नाही हो, बोला." चष्मा कुठं ठेवला ते काकू एका हातानं चाचपतायत.

मुलगा आज घरी निघणार. आईला दोनच गोष्टी विचारायच्यात. इनहेलर हातातल्या बॅगेत ठेवलाय ना? आणि विमानात त्याच्या शेजारी कोण असेल? पहिलीची जबाबदारी काकू घेतात. दुसरीवर म्हणतात, "चौदा वर्षांचा आहे हो, तो सिनेमा बघत बसेल." फोन ठेवतात आणि उशाजवळच्या वहीत लिहितात : ४:५०, आईचा फोन, इनहेलर.

हा इमर्जन्सीचा फोन. या आठवड्यात तो काकूंकडे आहे. चोवीस तासांचे पंचवीस पौंड. एकदा वाजला काय न् दहादा वाजला काय, पैसे तेवढेच.

सकाळी ६:१०

रेडिंगमधलं रांगेतलं घर, लहानसं स्वयंपाकघर. एका बाजूला चहा उकळतोय, दुसऱ्या बाजूला तव्यावर थालीपीठ. टेबलावर आजची यादी. तारीख १७ ऑक्टोबर २०२५. कॅलेंडरवर वसुबारस, आणि इथल्या बोर्डिंग शाळांची हाफ टर्म, म्हणजे सत्रामधली सुट्टी, आजच लागतेय. दुपारी वसतिगृहं रिकामी होणार. मुलं परत येणार ती २ नोव्हेंबरच्या रविवारी संध्याकाळी.

काकू मूळच्या पुण्याच्या. इथं आधी एका प्राथमिक शाळेत मदतनीस होत्या. आता एका गार्डियनशिप कंपनीचं या भागातलं काम बघतात. परदेशातून एकट्या आलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलासाठी बोर्डिंग शाळा इंग्लंडातच राहणारा एक पालक मागते. शाळा बंद झाली, मूल तापानं फणफणलं, मस्ती केली म्हणून चार दिवस घरी पाठवलं, तर ज्याच्या दारात त्याला न्यायचं तो हा गार्डियन. आईबाप सही करतात, कंपनीला वर्षाचे पैसे भरतात, आणि मूल काकूंच्या यादीत येतं.

यादीत आज सात मुलं. नावं नाहीत, फक्त आद्याक्षरं. कुणाचा कागद कुठं विसरला जाईल, नेम नाही. तिघं विमानानं घरी. दोघी होस्टकडे, म्हणजे सुट्टीत मुलांना ठेवून घेणाऱ्या घरी. एक शाळेच्या सहलीला. सातव्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

सांगलीच्या मुलीपुढे काकूंनी १६ लिहून गोल केलाय. होस्टकडच्या रात्री. मुलगी पंधराची आहे. सोळा वर्षांखालचं मूल जवळच्या नात्यात नसलेल्या घरी २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहिलं, की कायद्यानं ते प्रायव्हेट फॉस्टरिंग ठरतं आणि कौन्सिलला कळवावं लागतं. म्हणून रात्री मोजायच्या. दर वेळी.

सकाळी ७:१०

गाडीची डिकी. पाण्याच्या सहा बाटल्या. उलटीसाठी कागदी पिशव्या. दोन चार्जर, दोन्ही पिनांचे. सेलोटेप, जाड मार्कर, रिकामी कापडी पिशवी. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आईवडिलांच्या संमतीची पत्रं, तिकिटांच्या प्रती, प्रत्येकाच्या व्हिसाचा शेअर कोड. व्हिसाचं कार्ड आता हातात मिळत नाही, सगळं ऑनलाइन. तरी काकू कागद जवळ ठेवतात.

शेवटी वजनकाटा. मूठभर आकाराचा, खाली पट्टा. बॅगेच्या मुठीला अडकवायचा आणि बॅग वर उचलायची. दहा पौंडांना आणलेला. पट्ट्याची शिवण दोनदा घरीच घातलीय.

वॉशरचं पाणी भरून होतं. टायरला पाय लावून बघतात. डावा मागचा थोडा बसलाय. पंपावर हवेला पैसे पडतात, म्हणून गराजमधला पायपंप काढतात.

सकाळी ८:३०

कॅव्हरशम. थेम्सच्या पलीकडचा भाग. इथल्या होस्ट निवृत्त नर्स आहेत. मुलं मोठी होऊन गेली, दोन खोल्या रिकाम्या. आज दोघी येणार : सांगलीची एक, लागोसची एक. प्रत्येकीला वेगळी खोली, हे कंपनीचं बंधन.

काकू वर जातात. स्मोक अलार्मचं बटण दाबतात. तो किंचाळतो, खाली कुत्रा भुंकतो. गाद्या बघतात, खिडकीची कडी बघतात. औषधांचं कपाट कुलपात आहे का? आहे. किल्ली कुठं? होस्टच्या गळ्यातल्या दोरीत. घरातल्या सोळावरच्या प्रत्येकाची गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, म्हणजे डीबीएस, फाइलला आहे. होस्टचा भाचा अधूनमधून राहायला येतो.

"या सोळा रात्रींत तो इथं झोपणार नाही," काकू सांगतात.

"ठरलंय," होस्ट म्हणतात.

मग स्वयंपाकघर. होस्टनी फ्रिजवर सांगलीच्या मुलीच्या जेवणाची यादीच चिकटवलीय. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही. आल्यापुढे प्रश्नचिन्ह.

"ओलं आलं नाही चालत. सुंठ चालते."

"वाळवलं की चालतं?"

"चालतं."

"आणि क्रिस्प्स?"

"बटाटाच तो."

होस्ट हसतात आणि कपाटातली क्रिस्प्सची सहा पाकिटं लागोसच्या मुलीच्या कप्प्यात सरकवतात.

रात्रीचे पन्नास पौंड, नाश्ता आणि जेवण धरून. सोळा रात्रींचे एका मुलीमागे आठशे. घरातली सामानासकट खोली भाड्यानं दिली तर वर्षाला साडेसात हजार पौंडांपर्यंत कर लागत नाही. होस्टनी ते गणित कॅलेंडरच्या मागच्या पानावर मांडून ठेवलंय. गॅसचं बिल त्याच पानावर, खाली.

सकाळी ९:४०

प्रश्नचिन्हवाला मुलगा फोनवर. वय सोळा, शाळा ऑक्सफर्डशरमध्ये. त्याला बर्मिंगहॅमला चुलतभावाकडे जायचंय. भाऊ युनिव्हर्सिटीत शिकतो, वय वीस. शाळेचा नियम असा, की रात्री सांभाळणारं माणूस पंचवीसच्या वरचं हवं.

"काकू, माझा सख्खा चुलतभाऊ आहे!"

"माहीत आहे रे."

"बाबांनी हो म्हटलंय."

"बाबांनी हो म्हटलंय, शाळेनं नाही. दिवसा जा, भेट. भाऊ तुला न्यायला येईल, आठच्या आत आणून सोडेल. झोपायला होस्टकडे."

पलीकडं शांतता. मग, "होस्टकडे वायफाय कसंय?"

काकू प्रश्नचिन्ह खोडतात. डिडकॉटच्या होस्टना फोन करतात. खोली आहे. वडिलांना मेल, शाळेला मेल, ड्रायव्हरला मेसेज. पंचवीस मिनिटं.

सकाळी १०:२०

एम-४ महामार्ग, पश्चिमेकडं. विल्टशरमधली शाळा ४२ मैलांवर. मैलामागे ४५ पेन्स मिळतात. सरकारी करखात्यानं ठरवलेला दर. पेट्रोल लिटरला एक पौंड पस्तीसच्या आसपास. वाटेतल्या सर्व्हिस स्टेशनवर काकू थांबतात त्या फक्त बाथरूमसाठी. तिथली कॉफी चार पौंडांची. थर्मास शेजारच्या सीटवर आहे.

सकाळी ११:३०

शाळेच्या फाटकापासून गाड्यांची रांग. मोठ्या, चिखलानं माखलेल्या गाड्या, मागे कुत्री. इंग्रज आईबाप स्वतः न्यायला आलेत. काकूंची दहा वर्षांची हॅचबॅक त्यांच्यामध्ये.

हाऊसच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, दारात मेट्रन बसल्यात. वही पुढे. काकू ओळखपत्र दाखवतात. मेट्रन त्यांना कित्येक टर्म ओळखतात, तरी कार्डावरचा फोटो बघतात, चेहरा बघतात, वेळ लिहितात. सही. नाशिकच्या मुलाचा पासपोर्ट तिजोरीतून येतो. बंद पाकिटात इनहेलर, त्यावर नाव आणि डोस. काकू ते हातातल्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात घालतात, फोटो काढतात, आईला पाठवतात.

आता वजन. कॉरिडॉरमध्ये काकू पट्टा अडकवतात, पाय रोवतात, दोन्ही हातांनी उचलतात. काट्यावर सत्तावीस पॉइंट चार. चालतं तेवीस.

"काय भरलंयस?"

मुलगा जमिनीकडं बघतो. बॅग उघडते. क्रिकेटचे बूट, तळव्याला विल्टशरची माती तशीच. इतिहासाचं जाडजूड पुस्तक. चॉकलेटचे नऊ डबे.

"नऊ?"

"बिल्डिंगमधल्यांना."

बूट मेट्रनकडे राहतात. पुस्तक पाठीवरच्या बॅगेत. दोन डबे कापडी पिशवीत, ते विमानात हातात धरायचे. पुन्हा उचलतात. बावीस पॉइंट नऊ. काकू कंबरेवर हात ठेवून सरळ होतात.

दुपारी १२:२०

सांगलीची मुलगी दुसऱ्या हाऊसमधून येते. अकरावं इयर, म्हणजे उन्हाळ्यात जीसीएसईची परीक्षा. नोव्हेंबरात सराव परीक्षा आहे, म्हणून यंदा दिवाळीला घरी नाही. लहानशी बॅग, मोठी जर्किन. सप्टेंबरात याच जर्किनची चेन लागायला त्रास व्हायचा. आता जर्किन अंगावर लोंबतेय.

काकू ते बघतात. बोलत नाहीत. मुलगा बूट द्यायला गेलाय, तेवढ्यात दोघी बाहेरच्या बाकावर बसतात. दार उघडं, आतून मेट्रनना दिसेल असं.

"जेवलीस?"

"नाश्ता केलाय."

"काय?"

"सीरियल बार."

काकू गप्प. मुलगी जर्किनची बाही बोटांवर ओढते. मग हळूहळू येतं बाहेर. जेवणाच्या हॉलमध्ये ती आठवडेच्या आठवडे गेलेली नाही. आधी जिच्याबरोबर बसायची तिनं टेबल बदललं. एकटीनं ताट घेऊन उभं राहायचं, कुठं बसायचं ते शोधायचं. त्यात वाढणाऱ्याला रोज विचारायचं, यात कांदा आहे का. मागे रांग खोळंबते. त्यापेक्षा खोलीत बार बरा.

"काकू, घरी सांगू नका हं. प्लीज."

"सांगणार नाही असं मी कबूल करू शकत नाही, बाळा. हे मला एकटीला ठेवता येत नाही. पण कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगते. आत्ता तुझ्या हाऊसमिस्ट्रेसना. मग आमच्या कंपनीतल्या एका बाईंना, त्यांचं कामच हे. आईला तू सांगायचंस की मी, ते आपण संध्याकाळी ठरवू. चालेल?"

मुलगी मान हलवत नाही. नाहीही म्हणत नाही.

दुपारी १२:५०

हाऊसमिस्ट्रेसच्या खोलीत दहा मिनिटं. मग गाडीपाशी उभ्या राहून कंपनीच्या सेफगार्डिंग, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, प्रमुखांना फोन. त्यांचा प्रश्न पहिला : आज रात्री ती कुठं आहे, आणि तिथं जेवताना तिच्याबरोबर कोण असेल? काकू सांगतात. ठरतं असं : आईला आज कळायलाच हवं, शक्यतो मुलीच्याच तोंडून. सोमवारी डॉक्टरांची वेळ घ्यायची. शाळा सुरू होण्याआधी जेवणाचं काय करायचं ते शाळेशी बोलायचं.

गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून काकू लिहितात. वेळ, जागा, जवळ कोण होतं. मुलीचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. स्वतः काय म्हणाल्या, तेही. आपला अंदाज लिहायचा नाही, हे प्रशिक्षणात दरवर्षी घोकून घेतात. 'खिन्न वाटली' असं लिहायचं नाही. 'बोलताना बाही ओढत होती' असं लिहायचं.

दुपारी १:२०

दोन्ही मुलं मागच्या सीटवर. पुढची सीट रिकामी. काकूंच्या गाडीत पुढं कुणी बसत नाही. मुलगा हेडफोन लावतो. मुलगी खिडकीबाहेर बघते. न्यूबरीच्या पुढं गाड्या तुंबतात. आज सगळ्या दक्षिण इंग्लंडातली पोरं याच रस्त्यानं विमानतळाकडं निघालीत.

दुपारी ३:०५

हीथ्रो. दारात नुसतं सोडून निघालं तर २०२५च्या दरानं सहा पौंड. पण चौदा वर्षांच्या मुलाला दारात सोडायचं नाही, म्हणून शॉर्ट स्टे पार्किंग. तासांवर मीटर. पावती जपायची, ती पालकांच्या बिलात जाते.

बॅग पट्ट्यावर जाते. बावीस पॉइंट नऊ. काकूंचा काटा आणि विमान कंपनीचा काटा एक बोलतात. पासपोर्ट, संमतीपत्र. बोर्डिंग पास हातात आल्यावर काकू मुलाला तीन गोष्टी सांगतात. गेटवर पोचलास की मेसेज. इनहेलर सीटखाली, वरच्या कप्प्यात नाही. मुंबईला बाहेर आल्यावर आई दिसेपर्यंत हॉल सोडायचा नाही.

"हो काकू. हो काकू. हो."

सिक्युरिटीच्या रांगेत तो वळणावर दिसेनासा होतो. पुढं काकूंना जाता येत नाही.

दुपारी ३:५०

गेटवरचा मेसेज येईपर्यंत हलायचं नाही. दोघी बाकावर. काकू डबा उघडतात. सकाळची थालीपीठं. भाजणी, कोथिंबीर, तीळ. कांदा घातलेला नाही. लोणच्याची फोड झाकणात. काकू स्वतः खायला लागतात आणि डबा मध्ये ठेवतात. आग्रह नाही. भाजणी कुठल्या दुकानातून आणली, साउथॉलला ती किती महाग मिळते, असलं काहीतरी बोलत राहतात.

मुलगी एक तुकडा मोडते. मग आणखी एक. दीड थालीपीठ जातं. बोटं पुसायला टिश्यू मागते.

४:५५ ला फोनवर मेसेज : गेट. पाठोपाठ दुसरा : चॉकलेटचा एक डबा फोडला.

संध्याकाळी ६:३०

कॅव्हरशम. अंधारून आलंय. कुत्रा मुलीला हुंगून घेतो. लागोसची मुलगी दुपारीच टॅक्सीनं पोचलीय, ती पायऱ्यांवर बसून कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलतेय. होस्टना काकूंनी वाटेतच कळवलंय. जेवढं त्यांना माहीत असायला हवं, तेवढंच. होस्ट मुलीला विचारत नाहीत काही. "मला मटार सोलायला मदत करशील?" म्हणतात आणि भांडं पुढे करतात.

सात वाजता मुलगी सांगलीला फोन लावते. तिथं साडेअकरा. काकू शेजारच्या खुर्चीवर, स्पीकर बंद. मुलगी बोलते. पलीकडून बराच वेळ काही येत नाही. मग आईचा आवाज येतो, तो स्पीकर नसतानाही ऐकू येतो. रडणं, मग रागावणं, मग पुन्हा रडणं. मुलगी फोन काकूंकडे देते.

"ताई, फीपायी वर्षाला पन्नास हजार पौंडांच्या वर जातात हो. वर जानेवारीपासून वीस टक्के व्हॅट. आणि पोरगी बार खाऊन राहते?"

काकू मध्ये बोलत नाहीत. आई थांबल्यावर एवढंच सांगतात : आज दीड थालीपीठ खाल्लं. आत्ता मटार सोलतेय. सोमवारी डॉक्टर.

"डॉक्टरांचे किती?"

"काही नाही. व्हिसाबरोबर आरोग्याचे पैसे भरलेत ना तुम्ही, वर्षाचे ७७६. त्यातच."

रात्री ८:४०

घर. पाय स्टुलावर, लॅपटॉप मांडीवर. आजचं बिल. होस्टच्या घराची पाहणी : वीस पौंड. मुलांबरोबरचे आणि रस्त्यावरचे तास, सव्वाआठ, तासाला चौदानं : ११५ पौंड ५० पेन्स. फोनचे पंचवीस. एकूण १६०.५०. मैल १४५, त्याचे ६५.२५, त्यातले बावीस-एक पेट्रोलात गेले, उरलेले टायर, विमा आणि सर्व्हिसिंगला. पार्किंगची पावती वेगळी.

एकवीस आणि त्यावरच्या वयाची २०२५ची किमान मजुरी इथं तासाला १२ पौंड २१ पेन्स. काकू कंत्राटावर, तेव्हा तो नियम त्यांना लागू नाही. रजेचे पैसे नाहीत, कर स्वतः भरायचा. पहाटेच्या फोनला, बर्मिंगहॅमच्या पंचवीस मिनिटांना, बॉनेटवरच्या फॉर्मला बिलात रकाना नाही. फॉर्म आता नीट टाइप करायचाय. त्यात चाळीस मिनिटं जातात.

डिडकॉटहून मेसेज : मुलगा पोचला, वायफाय बरं आहे म्हणाला. मग अ‍ॅपवर मुंबईचं विमान काळ्या समुद्रावर दिसतं. नाशिकला मेसेज. दोन सेकंदांत उत्तर. तिथं कुणी झोपलेलंच नाही.

रात्री १०:५०

फोन. सांगलीचे वडील. तिथं पहाटेचे तीन वीस.

"मी उद्याचं तिकीट काढतो. दिवाळी घरी करेल. परीक्षा गेली खड्ड्यात."

"काढता येईल," काकू म्हणतात. "पण पासपोर्ट शाळेच्या तिजोरीत आहे. मेट्रन उद्या बारापर्यंतच आहेत. मला दहाच्या आत निघावं लागेल."

"मग निघा ना. पैसे मी देतो."

"पैशांचं नाही. आधी तिला विचारते. आठ वाजता. हो म्हणाली तर साडेआठला तुम्हाला फोन करते, तुम्ही तिकीट काढा, मी शाळेला जाते. नाही म्हणाली तर सोमवारच्या डॉक्टरांपर्यंत थांबू."

"अहो, पंधरा वर्षांची पोर. तिला काय विचारायचं?"

"न विचारता आणलीत तर सुट्टीनंतर ती परत त्याच हॉलमध्ये उभी राहील, साहेब. तेव्हा मला सांगेल असं वाटत नाही."

वडील बराच वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "साडेआठ. तुमचे की आमचे?"

"आमचे. तुमचे एक."

काकू वहीत लिहितात : १०:५०, वडिलांचा फोन, तिकीट, मुलीला विचारणे. मेट्रनना मेसेज टाकतात, उद्या दहानंतर कदाचित येईन. पेट्रोलचा काटा येताना पाव टाकीवर होता. शाळेचे जाऊन-येऊन ८४ मैल. आठच्या आधी पंपावर जायला हवं, म्हणून गजर साडेसहाचा लावतात.